‘खोट्या’ कळा : एका विशेषणाचा इतिहास

प्रसूतीच्या वेदनांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. बोलण्यात ‘कळा’ आहेत, ‘वेणा’ आहेत. ग्रांथिक भाषेत ‘प्रसूतिवेदना’ आणि ‘प्रसववेदना’ आहेत. कळा येतात, वाढतात, थांबतात. वेणा मात्र ‘दिल्या’ जातात. ‘ती वेणा देत होती’ या वाक्यात कर्ती बाईच असते, वेदना तिच्यावर बाहेरून कोसळलेली नसते. तिचे ‘दिवस भरतात’, ती ‘मोकळी होते’ किंवा ‘अडते’. या सगळ्या शब्दांत शरीराचे काही ना काही निरीक्षण आहे. अपवाद एकाच शब्दाचा, आणि तो शब्द म्हणजे एक विशेषण : ‘खोट्या’. दिवस भरण्याआधी, किंवा भरत आल्यावर, पोट मधूनमधून घट्ट होते आणि पुन्हा सैल पडते. या आकुंचनांतून प्रसूती होत नाही, म्हणून त्यांना आपण ‘खोट्या कळा’ म्हणतो. अलीकडे डॉक्टर आणि परिचारिका ‘सरावाच्या कळा’ असेही म्हणू लागल्या आहेत. पण घरोघरी चलती आहे ती ‘खोट्या’चीच.

या विशेषणाने नेमके काय खोटे ठरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आकुंचन खोटे असते काय? ते तर हाताला लागते. वेदना खोटी असते काय? ती तर बाईला जाणवते. खोटा ठरतो तो फक्त एक अंदाज. ‘आता प्रसूती होणार’ हा. परंतु विशेषण अंदाजाला चिकटत नाही, ते कळेला चिकटते आणि तिथून हळूच सरकून कळा सांगणाऱ्या बाईला चिकटते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हे दिसावे म्हणून लासलगाव परिसराचे उदाहरण घेऊ. निफाड तालुक्यातले हे गाव कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर ठाऊक आहे. येथील बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली, आणि येथील लिलावात निघणाऱ्या भावावर दिल्लीचीही नजर असते. त्या भावामागच्या श्रमांत बायकांचा वाटा मोठा. मार्च ते मे या उन्हाच्या महिन्यांत उन्हाळ कांद्याची काढणी होते. उकिडवे बसून पात कापायची, प्रतवारी करायची, माल चाळीत भरायचा. ही कामे करणाऱ्यांत गरोदर बायकाही असतात. समजा, आठव्या महिन्यातली एक बाई आहे. दुपारचे ऊन आहे, पाणी पोटात बेताचेच गेलेले आहे, सकाळपासून पाठ वाकलेली आहे. तिचे पोट मध्येच दगडासारखे होते, अर्धा-एक मिनिट तसेच राहते आणि सुटते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. संध्याकाळी घरात प्रश्न उभा राहतो : दवाखान्यात जायचे की थांबायचे? काही गुंतागुंत निघाली तर पुढे नाशिकला जावे लागेल. ते साठेक किलोमीटरांवर. गाडी, पैसे, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, घरातली बाकीची मुले, असा सगळा हिशेब त्या एका प्रश्नाभोवती जमा होतो. ती गेली आणि तिथे पोहोचेपर्यंत पोट सैल पडले, तर परतीच्या वाटेवर ‘खोट्या’ हा शब्द तिच्याबरोबर घरी येतो. पुढच्या वेळी पोट घट्ट होईल तेव्हा तो घरातच बसलेला असेल.

त्या बाईच्या शरीरात घडते ते असे. गर्भाशय हा मुख्यतः स्नायूंचा अवयव आहे आणि आकुंचन पावणे हा स्नायूचा धर्म. गर्भारपणाच्या अगदी आरंभापासून तो अधूनमधून आकुंचन पावत असतो. सुरुवातीला हे जाणवत नाही. दुसऱ्या तिमाहीत काहींना, तिसऱ्या तिमाहीत बहुतेकींना जाणवू लागते. या आकुंचनांना ठरावीक लय नसते. दोन कळांमधले अंतर सातत्याने कमी होत नाही, जोर चढत जात नाही. कूस बदलली, थोडे चालले किंवा पडून राहिले, पाणी प्यायले, लघवी करून आले की ती पुष्कळदा ओसरतात. कारण शरीरातले पाणी कमी होणे, मूत्राशय भरलेले असणे आणि अंगमेहनत या गोष्टी त्यांना चेतवतात. प्रसूतीच्या कळा याहून वेगळ्या. त्यांना लय असते. त्या जवळजवळ येत जातात, अधिक काळ टिकतात, अधिक जोराच्या होतात. त्या पुष्कळदा पाठीतून निघून पुढे येतात आणि कूस बदलल्याने थांबत नाहीत. मुख्य म्हणजे त्यांच्यामुळे गर्भाशयाचे मुख पातळ होत जाते आणि उघडते. कसोटी ही शेवटचीच; आणि ती बाईला स्वतःला दिसत नाही, दुसऱ्या कोणाला तरी तपासून सांगावी लागते. ‘खरे-खोटे’ ठरवण्याचा अधिकार तिच्या हातून निसटतो तो इथे.

वैद्यकात या आकुंचनांना एका इंग्रज डॉक्टरचे नाव मिळाले आहे. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स (१८२३–१८९७) हे लंडनच्या गायज्‌ हॉस्पिटलमधले प्रसूतितज्ज्ञ. लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात १८७२ साली त्यांचा निबंध छापून आला. संपूर्ण गर्भारपणात होणारी गर्भाशयाची आकुंचने, त्यांचे शारीर कार्य आणि गर्भनिदानातले त्यांचे मोल, असा त्याचा विषय. हिक्स यांची पद्धत साधी होती. पोटावर नुसता हात ठेवायचा. चोळायचे नाही, दाबायचे नाही. पाच ते वीस मिनिटे तो तसाच राहू द्यायचा. तेवढ्या वेळात गर्भाशय एकदा तरी घट्ट होऊन सैल पडलेले हाताला कळते. अंडाशयाची गाठ किंवा पोटातली दुसरी एखादी वाढ असे करत नाही. म्हणून पोटात गर्भ आहे की गाठ आहे, हे ओळखायला ही खूण उपयोगी पडते. ध्वनिलहरींनी पोटातले चित्र दिसण्याच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षे आधीचा हा काळ. तेव्हा अशा खुणेचे मोल फार होते. शिवाय या आकुंचनांना स्वतःचे काम आहे, गर्भाशयातल्या रक्ताच्या हालचालीला त्यांची मदत होते, असेही हिक्स यांचे प्रतिपादन होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ज्यांच्या नावाने आज या कळांना ‘खोट्या’ ठरवले जाते, त्या हिक्स यांच्या निबंधाचा सारा रोख उलट दिशेने होता. ही आकुंचने म्हणजे गर्भारपणाची खात्रीची खूण. त्यांच्यावर निदान आधारता येते इतकी ती खरी, असे ते सांगत होते. ‘खोट्या’ हे विशेषण त्यांच्या आधीचे आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथांत, उदाहरणार्थ विल्यम स्मेली यांच्या १७५२ च्या प्रबंधात, खऱ्या आणि खोट्या प्रसूतीतला भेद कसा ओळखावा याची चर्चा आढळते. हा भेद ज्याच्या सोयीचा, त्याचे स्थान पाहिले म्हणजे विशेषणाचा उगम उमगतो. बोलावणे आले म्हणून घोडागाडीतून आलेल्या, एका बाळंतपणाची बिदागी ठरलेल्या वैद्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच : मी थांबावे की परत जावे? त्या प्रश्नाचे उत्तर ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असेच असू शकते. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि पाश्चात्त्य प्रसूतिशास्त्राचे शिक्षण आपल्याकडे रुजले. त्याबरोबर ‘फॉल्स पेन्स’ ही संज्ञाही आली. आपल्या ‘खोट्या कळा’ तिच्याशी शब्दाला शब्द जुळतात.

आपल्या जुन्या वैद्यकाने हा प्रश्न कसा मांडला होता, हे यापुढे पाहणे उद्‌बोधक ठरते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात प्रसूतीचे सविस्तर विवेचन आहे. प्रसूतीच्या कळांना तेथे ‘आवी’ असा शब्द आहे. प्रसूती जवळ आल्याची लक्षणे क्रमाने दिली आहेत : अंगाला थकवा, चेहऱ्यावर ग्लानी, डोळ्यांत शैथिल्य, कुशी खाली उतरल्याची जाणीव, ओटीपोट-कंबर-पाठ यांत वेदना, अन्नावरची वासना उडणे, त्यानंतर आवींचा प्रादुर्भाव आणि गर्भोदकाचा स्राव. म्हणजे कळा येण्यापूर्वीचा काळ हा रिकामा किंवा फसवा काळ नाही. ती एका क्रमातली पायरी आहे. ज्या स्त्रीच्या आवी अजून यायच्या आहेत तिच्यासाठी चरकाने योजलेला शब्द आहे ‘अनागतावी’. तिने जोर करू नये, असे तिला सांगावे. तसा जोर व्यर्थ जातो आणि मुलाला बाधतो, असा त्या उपदेशाचा आशय. जोर कळेबरोबर करावा, कळ नसताना करू नये, हे आजचे प्रसूतितज्ज्ञही मान्य करतील.

‘अनागत’ आणि ‘खोटी’ या दोन शब्दांतले अंतर भाषेच्या अभ्यासकांना वेगळे समजावून सांगावे लागू नये. अनागत म्हणजे न आलेली, म्हणजेच येणारी. हा काळाचा निर्देश आहे. त्यात सत्यासत्याचा निवाडा नाही. याच अध्यायात एक वादही नोंदला आहे. कळा येत आहेत पण प्रसूती होत नाही, अशा वेळी बाईला उठवून मुसळ हाती द्यावे आणि उखळात धान्य कांडायला लावावे, असे काहींचे मत होते. आत्रेयाने ते स्पष्टपणे अमान्य केले आहे. गर्भिणीला जड श्रम नेहमीच वर्ज्य, मग अशा नाजूक वेळी मुसळाचे श्रम कसे चालतील, असा त्याचा युक्तिवाद. जांभई देणे आणि फिरणे मात्र त्याला मान्य आहे. या वादातून त्या काळच्या घरांतली घाई दिसते आणि तिला शास्त्रकाराने घातलेला लगामही दिसतो. तसेच, अनेकदा बाळंत झालेल्या, प्रेमळ आणि धीर देणाऱ्या स्त्रिया तिच्याभोवती असाव्यात, असेही चरक सांगतो. त्या स्त्रियांचे काम निवाडा करण्याचे नाही, सोबत करण्याचे आहे.

व्याकरणातही अशाच दृष्टीचा एक शब्द सापडतो. आज किंवा उद्या विणार अशा गाईला किंवा घोडीला ‘अद्यश्वीना’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या सिद्धीसाठी पाणिनीने पाचव्या अध्यायात एक सूत्रच खर्ची घातले आहे. वाग्भटाकडे ‘अद्यश्वःप्रसव’ असा प्रयोग येतो. ‘आज-उद्या’ ही अनिश्चितता ज्या भाषेने एका शब्दात सामावून घेतली, तिच्या वारसदारांना ‘खऱ्या-खोट्या’च्या जोडीवाचून चालू नये, हे नवल आहे. अर्थात प्राचीनांना सगळे ठाऊक होते असे म्हणण्याचा येथे उद्देश नाही. गर्भाशयाचे मुख किती उघडले, हृदयाचे ठोके कसे आहेत, हे मोजण्याची साधने त्यांच्याजवळ नव्हती. अडलेल्या बाळंतपणात त्यांचे उपाय अपुरे पडत. मुद्दा एवढाच की त्यांनी प्रश्न काळाच्या भाषेत मांडला.

ग्रंथांतले वैद्यक आणि माजघरातले बाळंतपण यांच्यामध्ये आपल्याकडे सुईण उभी होती. हिक्स यांनी वीस मिनिटे पोटावर हात ठेवायला सांगितले. महाराष्ट्रातल्या खेड्यांत तो हात पिढ्यान्‌पिढ्या सुईणीचा होता. पोट घट्ट कधी होते, बाळ खाली उतरले का, दोन कळांत किती वेळ जातो, हे ती हाताने आणि अनुभवाने जाणत असे. पण बाळंतपणाला विटाळ मानणाऱ्या समाजाने हे काम बहुधा खालच्या मानलेल्या जातींतल्या स्त्रियांकडे सोपवले. तिचा हात चालला, तिचा शब्द कागदावर आला नाही. लंडनमधल्या हाताने टिपलेले निरीक्षण निबंध झाले आणि त्याला नाव मिळाले; सुईणीच्या हाताने टिपलेले निरीक्षण तिच्याबरोबर गेले. तिच्या ज्ञानात चुका होत्या, अस्वच्छतेपायी जीवही गेले, हे नाकारता येणार नाही. पण एक गोष्ट तिच्या बाजूने नोंदवली पाहिजे. ती रात्रभर बसून राहू शकत असे. कळा थांबल्या तर घरी जाऊन उद्या पुन्हा येण्यात तिचे फारसे काही जात नसे. त्यामुळे थांबलेल्या कळांवर रागावण्याचे तिला कारण नव्हते.

वैद्यकीय शिक्षण आणि माजघर यांना जोडणारी पहिली मराठी व्यक्ती म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचे लग्न नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. वैद्यकाकडे वळण्यामागे या मृत्यूचा मोठा वाटा होता, हे सर्वश्रुत आहे. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. हिक्स यांचा निबंध छापून येऊन तेव्हा अवघी चौदा वर्षे लोटली होती. पाश्चात्त्य प्रसूतिशास्त्र ऐन भरात असताना, त्याच्याच एका केंद्रात बसून, स्वतः बाळंतपण सोसलेली एकविसाव्या वर्षातली मराठी स्त्री आपल्या परंपरेने बाळंतपणाचा काय विचार केला होता तो इंग्रजीत मांडते, या घटनेकडे आपल्या वाङ्मयेतिहासाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र आणि श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी यांमुळे आनंदीबाईंचे आयुष्य घराघरात पोहोचले. मात्र लक्षात राहिले ते त्यांचे सोसणे आणि अकाली मरण. त्यांच्या लेखनाचा विषय मागे पडला. महाविद्यालयात प्रवेश मागताना त्यांनी जे कारण दिले होते तेही येथे आठवावे : आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला शरीर दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे. बाईची कळ ऐकायला बाई हवी, हा त्याचा अर्थ. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. पण ती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

विसाव्या शतकात या प्रश्नाची दुसरी बाजू उजेडात आणणारे नाव गोमंतकातले आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात काम करत होते. काही स्त्रियांचे गर्भ चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यात पुन्हा पुन्हा पडतात आणि त्याआधी कळा जवळजवळ येतच नाहीत. गर्भाशयाचे मुखच दुबळे असते. ते निमूटपणे उघडते. अशा मुखाभोवती टाका घालून ते बंद ठेवण्याची शस्त्रक्रिया शिरोडकरांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. मांडीच्या स्नायूंवरील आवरणाची पट्टी ते त्यासाठी वापरत. जगभर ती ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखली जाते. प्रसूतिशास्त्रात ज्यांची नावे संज्ञा बनून राहिली अशा भारतीयांत ते अग्रणी होत. आता ही दोन नावे शेजारी ठेवून पाहा. हिक्स यांच्या नावाची आकुंचने म्हणजे कळ असते पण दार उघडत नाही. शिरोडकरांनी ज्यावर इलाज केला ती अवस्था म्हणजे दार उघडते पण कळ नसते. वेदना आणि प्रसूती यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही, हे या दोन टोकांवरून ध्यानात येते. वेदना असली म्हणजे प्रसूती आलीच असे नाही, आणि वेदना नसली म्हणजे सारे ठीक आहे असेही नाही. मग वेदनेलाच खरे-खोटेपणाचे प्रमाणपत्र देण्याचे प्रयोजन काय उरते?

त्याच सुमारास उरुग्वेतल्या मॉन्टेव्हिडिओ येथे आल्व्हारेझ आणि काल्देइरो-बार्सिया या संशोधकांनी गर्भाशयातला दाब प्रत्यक्ष मोजला. आकुंचनांचा जोर आणि संख्या यांवरून ठरणारे ‘मॉन्टेव्हिडिओ एकक’ त्यातून आले. हाताने जाणवणारी गोष्ट कागदावरची वक्ररेषा झाली. गर्भारपणातली लहान, विस्कळीत आकुंचने आणि प्रसूतीची मोठी, एकसूत्री आकुंचने या दोन जाती नसून त्यांच्यामध्ये चढण आहे, हे अशा मापनांमुळे स्पष्ट झाले. १९५० च्याच दशकात इमॅन्युएल फ्रीडमन यांनी प्रसूतीचा आलेख काढला आणि तिच्या सुरुवातीच्या संथ काळाला ‘सुप्त अवस्था’ म्हटले. या संथ काळाच्या शेवटाची रेषाही पुढे हललेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० सालच्या सुधारित प्रसूती-आलेखात सक्रिय प्रसूतीची सुरुवात चार सेंटीमीटरला धरली होती. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ती पाच सेंटीमीटरला धरली गेली, आणि सुप्त अवस्था किती काळ चालावी याचे एकच माप नाही, हेही मान्य केले गेले. ज्या बाईचे मुख साडेचार सेंटीमीटर उघडले आहे ती एका वर्षीच्या नियमाने सक्रिय प्रसूतीत असते आणि दुसऱ्या वर्षीच्या नियमाने नसते. शरीर तेच, रेषा माणसांनी आखलेली. अशा सरकत्या रेषेच्या अलीकडे उभ्या असलेल्या बाईला ‘तुझे खोटे’ म्हणणे धाडसाचे आहे.

आता पुन्हा महाराष्ट्राच्या वर्तमानाकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५–०६ मध्ये राज्यातल्या सुमारे ६५ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होत होत्या. २०१५–१६ मध्ये हे प्रमाण ९० टक्क्यांवर आणि २०१९–२१ मध्ये जवळपास ९५ टक्क्यांवर गेले. २००५ सालची जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशा, २०१४ पासूनची १०८ रुग्णवाहिका यांचा यात वाटा आहे. २०१८–२० या काळात राज्याचा मातामृत्यूदर दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतका खाली आला. हे यश मोठे आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. पण या बदलाबरोबर एक नवी गोष्ट घडली. पूर्वी सुईण बाईकडे येत असे. आता बाईला दवाखान्याकडे जावे लागते. ‘जावे की थांबावे’ हा प्रश्न अठराव्या शतकात घोडागाडीतल्या वैद्याचा होता. आज तो लासलगावच्या त्या बाईचा आणि तिच्या सासूचा झाला आहे. भूमिकांची अदलाबदल झाली, आणि विशेषण मात्र जुन्या भूमिकेतलेच राहिले.

मातामृत्यूंचा अभ्यास करताना थॅडिअस आणि मेन या संशोधिकांनी १९९४ साली ‘तीन विलंबां’ची मांडणी केली : निघण्याचा निर्णय घेण्यातला, वाहनाने पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. रस्ते आणि रुग्णवाहिका यांनी दुसरा विलंब कमी होतो, रुग्णालय सुधारले तर तिसरा. पहिला विलंब घरात घडतो, बोलण्यात घडतो. ‘मागल्या वेळी गेलो आणि खोट्याच निघाल्या’ हे वाक्य त्या पहिल्या विलंबाचे बीज आहे. ज्या बाईला एकदा हसे होऊन परतावे लागले ती दुसऱ्यांदा उशिरा बोलते. ३७ आठवड्यांच्या आत नियमित कळा सुरू झाल्या, अंगावरून रक्त गेले, पाणी गेले, बाळाची हालचाल मंदावली, तर क्षणही न दवडता निघायला हवे. आणि दिवस भरल्यावर साधारण पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर चालू राहिल्या तर निघण्याची वेळ झाली असे समजतात. दवाखाना दूर असेल किंवा ही पहिली खेप नसेल तर त्याहूनही आधी निघावे. यांतले कोणतेही लक्षण ‘खोट्या असतील’ या शब्दाखाली झाकले जाऊ शकते. उलट, पाणी पिऊन, कूस बदलून, तासभर पाहून ओसरणाऱ्या कळांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, हेही तितक्याच स्वच्छ शब्दांत तिला आधी कोणी सांगितलेले असले पाहिजे. तपासून घरी पाठवलेली बाई फसलेली नसते. तिने योग्य तेच केलेले असते.

बाईच्या शब्दावर विश्वास ठेवल्याने काय हाती लागते, याचे एक उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणे होते, ते सांगण्याची आणि ऐकण्याची सोय नव्हती. तो अभ्यास प्रसूतीच्या कळांचा नव्हता. पण सांगितलेले आणि तपासलेले यांतली दरी त्याने आकड्यांत दाखवली.

शेवटी आपल्या क्षेत्राविषयी. मराठी समीक्षेला प्रसूतीचे रूपक फार प्रिय आहे. ‘निर्मितीच्या वेणा’, ‘सृजनाच्या कळा’ हे शब्दप्रयोग आपण इतके वापरले आहेत की त्यांतली वेदना झिजून गेली आहे. या रूपकाची एक खोड अशी की त्यात कळा नेहमी सफलच असतात. वेणांच्या शेवटी कविता जन्मलेलीच असते. आठवडेच्या आठवडे पोट घट्ट होते आणि सैल पडते, त्यातून काहीही जन्मत नाही आणि तरी शरीर आपल्या कामात असते, या अवस्थेला त्या रूपकात जागा नाही. ज्यांनी ते रूपक रूढ केले त्यांतले बहुतेक पुरुष होते आणि त्यांनी प्रसूती दाराबाहेरून ऐकलेली होती. दाराबाहेर ऐकू येतात त्या शेवटच्या कळा. घरातल्या बोलीलाही हेच लागू आहे. आपण नाव देतो ते फलावरून. फल नाही, म्हणून खोटे.

‘सरावाच्या कळा’ हा नवा प्रयोग त्यामानाने बरा आहे, कारण त्यात शरीराला काही करू दिले आहे. तथापि ‘सराव’ म्हटले की खरा खेळ वेगळा, असा ध्वनी उमटतोच. चरकाचा ‘अनागत’ बोलीत चालणार नाही. पण त्याचा अर्थ चालेल. लासलगावच्या ग्रामीण रुग्णालयातली एखादी परिचारिका तपासून झाल्यावर ‘खोट्या आहेत, जा घरी’ म्हणण्याऐवजी ‘अजून वेळ आहे, पुन्हा पोट असे झाले तर पुन्हा या’ एवढे म्हणाली, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शास्त्रकाराचे आणि १८७२ च्या एका निबंधकाराचे म्हणणे तिने एकाच वाक्यात आणले असे होईल. त्या वाक्यातला शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘या’ हा शब्द ऐकून घरी गेलेली बाई दुसऱ्यांदा वेळेवर निघेल.